घरचं वाचन

सोमवारी, मुलं यायच्या आधी,
मी वाचनाचा तक्ता उघडते पडद्यावर.
कोण किती पानं, कोण किती मिनिटं,
कोण कुठल्या शब्दाला ठेचकाळलं,
कुणी नुसत्या ऐकण्यावरच भागवलं.
बाहेर मिट्ट काळोख. जानेवारीत शेटलंडचा दिवस
नऊ वाजून गेल्याशिवाय तोंड दाखवत नाही.

ऑस्ला हालक्रो, वय सात.
मंगळवार, रात्री दोन चाळीस.
गुरुवार, दोन पस्तीस.
शनिवारी तीन वाजून दहा.

वाटलं, यंत्राचं घड्याळ चुकलं.
मग वाटलं, पोर झोपत नाही की काय.
पण वर्गात ती टवटवीत, घडाघडा वाचणारी;
आणि रात्री अडते ते शब्द तर
तिने नाताळाच्या आधीच मागे टाकलेले.
नाइफ. लॅम. आयलंड.
सगळे मुक्या अक्षरांचे शब्द:
सुरीच्या तोंडाशी उभा राहून
एक चकार न बोलणारा 'के',
कोकराच्या शेपटाला चिकटलेला 'बी',
आणि बेटाच्या मधोमध 'एस',
असून नसल्यासारखा.

मी ध्वनिफीत लावली.
क्... क्-नाइफ.
पुरुषाचा आवाज. जाड, दबका.
मागे फ्रिजची घरघर.
"छान प्रयत्न! पुन्हा एकदा," यंत्र म्हणालं,
त्या गोडगोड बाईच्या आवाजात.
"सॉरी," तो म्हणाला.
यंत्राला.

लॉरी.
माशांच्या कारखान्यातली दुसरी पाळी,
दोनला सुटते.

आम्ही एकाच वर्गात होतो. याच इमारतीत,
तेव्हा खिडक्या लाकडी होत्या.
त्याची वाचायची पाळी आली की गुरुजी त्याला
कोळसा आणायला पाठवायचे.
बादली भरलेली असली तरी पाठवायचे.
एकदा विसरले, आणि तो उभा राहिला
पुस्तक छातीशी धरून, किती तरी वेळ.
मी हसले होते.
सगळ्यांत आधी नाही.
पण हसले होते.

आणि सप्टेंबरात मीच सगळ्या घरांना
पालकांसाठीचं ते पान पाठवलं:
'रोज मुलांना वाचून दाखवा.
फक्त दहा मिनिटं पुरेत.'
फक्त.

तक्त्याच्या कडेला एक लाल चौकोन लुकलुकतो.
अवेळी वाचन. पालकांना कळवायचं का?
मजकूर तयारच असतो: झोप, डोळे, पडदा वगैरे.
बोट ठेवलं की गेलाच.
मी बोट खिशात घातलं.

मधल्या सुट्टीत ऑस्ला टेबलापाशी आली,
एका पायावर दुसरा पाय घासत.
"बाई, पहिल्या पायरीची पुस्तकं
माझ्या खात्यातून काढू नका हं."
ती तर तुला सोपी झालीत, मी म्हटलं.
"हो."
तुझे तारे कमी होताहेत, पाहिलंस ना? पंचवीसचे अकरा झाले.
तिने खिडकीबाहेर पाहिलं,
जिथे धक्क्यावरचे दिवे दिवसासुद्धा जळतात.
"होऊ देत," म्हणाली,
आणि मैदानावर पळाली.

मी काही केलं नाही.
म्हणजे, पहिल्या पायरीवर अजून दोन पुस्तकं उघडली;
एक बोटींच्या इंजिनांचं आहे.
यापलीकडे काही करायला
माझा अधिकार तरी कुठला?

या आठवड्याची नोंद: शुक्रवार, दोन पन्नास.
पान सहावं.
नाइफ, पहिल्या झटक्यात.
लॅम, जरा थांबून.
मग फ्रिज, बराच वेळ नुसता फ्रिज,
आणि एक श्वास, पाण्यात उडी घेण्याआधीचा.

आयलंड.

यंत्राने धो धो टाळ्या वाजवल्या
आणि कुणीतरी धडपडत, घाईघाईने
आवाज बारीक केला,
कारण घरात सगळी झोपली होती.
तो झोपली आहेत असं समजत होता.